स्वस्त तीनशे एमएम लेन्स आणि साताऱ्याची हवा

चाळकेवाडीच्या सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारावरच्या, एकाच पवनचक्कीचे माझ्याकडे दोन फोटो आहेत. कॅमेरा तोच, लेन्स तीच, लेन्स टेकवली तो दगडसुद्धा तोच. पहिला फोटो ऑक्टोबरातल्या भर दुपारचा. त्यात खांबाची कड अशी फिसकटलेली आहे की शाई ओली असताना कुणी बोट फिरवलंय असं वाटावं. दुसरा तीन दिवसांनी, सकाळी साडेसातचा. त्यात खांबाच्या बुंध्याचं दार दिसतं, दारापुढच्या लोखंडी पायऱ्या दिसतात, आणि कठड्यावर कुणीतरी वाळत टाकलेलं फडकंही दिसतं. मधल्या तीन दिवसांत मी ती लेन्स विकायला काढली होती. एक जण घ्यायला तयारही झाला होता. त्याचा पगार व्हायचा होता, म्हणून लेन्स वाचली.

लेन्स म्हणजे साधी ७०-३०० एमएम. हे आकडे फोकल लेंग्थचे; आकडा जितका मोठा तितकं लांबचं मोठं दिसतं. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्यानं आरसा नसलेल्या नव्या मिररलेस कॅमेऱ्यावर जाताना जुनं सामान मोकळं केलं, त्यातली मी साडेसहा हजाराला उचलली. बहुतेकांच्या हातात पहिली लांब लेन्स येते ती अशीच काहीतरी. कॅननची ७५-३०० किंवा ५५-२५०, निकॉनची ७०-३००, नाहीतर टॅमरॉन-सिग्माची. आणि बहुतेकांचं गाऱ्हाणंही एकच असतं: "तीनशेला सॉफ्ट येते."

गाऱ्हाणं खोटं नाही. पण फोटो मऊ येण्यामागं, म्हणजे त्यातल्या कडा धारदार न येण्यामागं, चौघांपैकी कुणीही असू शकतं: काच, हात, हवा किंवा अंतर. चौघांचा गुन्हा पडद्यावर जवळजवळ सारखाच दिसतो, आणि धरली जाते ती काच. माझ्या अनुभवात तिचा नंबर बऱ्याचदा शेवटी लागतो.

अंतरापासून सुरुवात करू. "तीनशेनं किती लांबचं दिसतं?" असं लोक विचारतात. लांबचं तर नुसत्या डोळ्यांनीही दिसतं, चंद्र दिसतोच की. विचारायला हवं ते हे, की चौकटीत किती मावतं. सुरुवातीच्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी मापाचा सेन्सर असतो, साधारण साडेतेवीस मिलिमीटर रुंद. त्यावर ३०० एमएम लावली की शंभर मीटरवरचा सुमारे आठ मीटर रुंदीचा तुकडा चौकटीत येतो. पुढचा हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाचा: पन्नास मीटरवर चार मीटर, वीस मीटरवर दीड मीटरहून जरा जास्त. आता वीस मीटरवरच्या बाभळीवर बुलबुल बसलाय असं धरा. बुलबुल वीतभर. म्हणजे चौकटीच्या रुंदीचा जेमतेम आठवा हिस्सा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो, त्यातले बुलबुलाच्या वाट्याला आले साडेसातशे. स्टेटसला ठेवायला एवढे पुरतात. पण आपण काय करतो, तो तुकडा कापून पडदाभर मोठा करतो. त्याबरोबर हाताची थरथर, काचेचा मऊपणा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) चढवल्यानं येणारी रवाळ झाक, सगळंच आठपट मोठं होतं. तोच बुलबुल आठ मीटरवर असता तर चौकटीचा तिसरा हिस्सा त्यानं व्यापला असता आणि याच लेन्सनं त्याच्या शेपटीखालचा लाल ठिपका नीट दाखवला असता. बारा मीटर पुढं सरकायला पैसे पडत नाहीत. फक्त बुलबुलाची परवानगी लागते.

इथं एक गैरसमज काढून टाकायला हवा. छोट्या सेन्सरवर ३०० ची लेन्स "४५० होते" असं दुकानदार सांगतात. निकॉन-सोनीवर दीडपट, कॅननवर १.६ पट. लेन्स काही वाढत नाही. मोठ्या सेन्सरवर जे चित्र पडलं असतं त्याच्या कडा कापल्या जातात, एवढंच. मात्र यात स्वस्त लेन्सचा फायदा आहे, आणि तो सहसा कुणी सांगत नाही. मोठ्या सेन्सरसाठी बनवलेल्या या लेन्सचे कोपरे सर्वांत कच्चे असतात, आणि छोटा सेन्सर नेमके तेच कोपरे बाहेर टाकतो.

आता काच. ही लेन्स स्वस्त का, हे एका आकड्यातून कळतं. लेन्सवर एफ ४-५.६ असं लिहिलेलं असतं. एफचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ भागिले भोकाचा व्यास. ३०० ला ५.६ नं भागलं की सुमारे ५४ मिलिमीटर येतात. मैदानात क्रिकेटचे फोटो काढणारे जी पांढरी तोफ घेऊन बसतात, तिच्यावर एफ २.८ असतं. ३०० भागिले २.८ म्हणजे १०७ मिलिमीटर. व्यास दुप्पट, म्हणून क्षेत्रफळ चौपट, म्हणून प्रकाशही चौपट. पण एवढ्या रुंद काचा घासायच्या, त्यांतले दोष काढायला आणखी महागड्या काचा घालायच्या, ते सगळं पेलायला धातूची नळी करायची. तिथं किंमत लाखांत जाते आणि वजन किलोत. आपली लेन्स अर्ध्या किलोच्या आसपास असते. कारखान्यानं आपल्याला फसवलेलं नाही. भोक लहान ठेवलंय, नळी प्लॅस्टिकची केलीय, आणि खास काच एखाददुसरीच घातलीय.

ही खास काच कशासाठी? काचेतून जाताना निळा आणि लाल प्रकाश सारखा वाकत नाही. लोलकात सप्तरंग दिसतात ते याच कारणानं. लेन्समध्ये त्याचा परिणाम असा की निळं चित्र आणि लाल चित्र एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत, आणि फोकल लेंग्थ जितकी लांब तितका हा फरक ठळक दिसतो. पांढऱ्या बगळ्याच्या पाठीवर, देवळाच्या कळसावर, आभाळासमोरच्या निष्पर्ण फांद्यांवर जांभळी नाहीतर हिरवी किनार येते ती ही. एलडी किंवा ईडी अशी अक्षरं लेन्सवर असली तर त्यात हा फरक कमी करणारी काच आहे असं समजायचं. कोपऱ्यांकडची किनार कॉम्प्युटरवर एका टिचकीत जाते. डार्कटेबलसारख्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही ती सोय आहे. फोकसच्या पुढंमागं येणारी जांभळी-हिरवी झाक मात्र चिवट असते.

दुसरा दोष असा, की काचेच्या कडेनं आलेले किरण आणि मधून आलेले किरण एकाच बिंदूवर मिळत नाहीत. चित्रावर पातळ साय धरल्यासारखं होतं. यावर उपाय तुमच्या बोटाखालीच आहे. भोक एफ ५.६ वरून ८ वर आणा. कडेचे उनाड किरण आडवले जातात आणि मधली शहाणी काच तेवढी काम करते. माझ्या लेन्सवर ३०० ला ५.६ आणि ८ मधला फरक कुणालाही न सांगता दिसतो. झूम २५० पर्यंत मागं घेतलं तर आणखी सुधारते. ७० ते २०० मध्ये तर ती महागड्या लेन्सच्या शेजारी बसवायला लाजत नाही. ८ नं बरं होतं म्हणून २२ वर नेऊ नका. फार बारीक भोकातून जाताना प्रकाश स्वतःच पसरतो आणि फोटो पुन्हा मऊ होतो. मी ११ च्या पुढं सहसा जात नाही.

एफ ८ करायचं म्हणजे प्रकाश अर्धा झाला. तो कुठून भरून काढायचा? याला एक जुना ठोकताळा आहे: लख्ख उन्हात एफ १६ ठेवा आणि शटर (प्रकाश आत येऊ देण्याचा वेळ) आयएसओच्या आकड्याइतकं, म्हणजे आयएसओ १०० ला सेकंदाचा शंभरावा भाग. एफ ८ ला चौपट प्रकाश मिळतो, म्हणून आयएसओ ४०० ला शटर येतं १/१६००. उडती घार गोठवायला ते भरपूर झालं. याच कारणासाठी ही लेन्स आपल्याकडे थंड देशांपेक्षा जास्त चालते. डिसेंबरात माण-खटावच्या माळावर सकाळी नऊला जो उजेड असतो तो तिला मानवतो. कोयनेच्या बाजूच्या दाट झाडीत मात्र तिला नेऊ नये. तिथं हाच हिशेब १/५० पर्यंत घसरतो, आणि मग आयएसओ कितीही चढवा, हाती रवाळ हिरवं काहीतरी लागतं. जंगलात मी ती लेन्स पिशवीतून काढतच नाही. कान उघडे ठेवून फिरतो.

शटर १/५० म्हटलं की हात आलाच. मला वाटतं, या लेन्सच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या तक्रारींत निम्म्याहून जास्त हाताच्या असतात. हिशेब करून बघा. ३०० एमएमची चौकट साडेचार अंशांची असते आणि तिच्यात ६००० पिक्सेल असतात, म्हणजे एका अंशात तेराशेच्या वर. शटर उघडं असताना कॅमेरा एका अंशाच्या शंभराव्या भागाइतका हलला, तरी चित्र तेरा पिक्सेल सरकलं. श्वास घेतला की एवढं हलतं. म्हणून शटर निदान फोकल लेंग्थच्या दीडपट ठेवायचं. ३०० ला १/४५०, म्हणजे डायलवर १/५००. तेही हात स्थिर असेल तर. अजिंक्यताऱ्याचा चढ चढून धापा टाकत काढणार असाल तर १/१०००.

लेन्सवर आयएस किंवा व्हीआर असेल तर ती थरथर बऱ्यापैकी शोषून घेते. कॅननच्या साध्या ७५-३०० मध्ये ते नाही, ५५-२५० आयएस मध्ये आहे. दोन्ही समोर असतील तर पन्नास मिलिमीटर सोडा आणि दुसरी घ्या, असं मी बेधडक सांगतो. पण आयएस तुमचा हात थांबवतं, पक्ष्याची मान थांबवत नाही. धोबी पक्षी शेपूट हलवत असेल तर शटर आणखी वेगवान करण्याला पर्याय नाही.

माझं सगळ्यात कामाचं सामान म्हणजे आईनं जुन्या साडीच्या काठाची शिवून दिलेली पिशवी. आत दीड किलो हुलगे. गाडीच्या खिडकीवर, गडाच्या तटावर, स्कूटरच्या सीटवर, शेताच्या बांधावर ती टाकायची आणि तिच्यात लेन्स रुतवायची. स्वस्त ट्रायपॉड वाऱ्यात तंबोऱ्यासारखा थरथरतो, आणि चाळकेवाडीला वारा असणारच. वारा आहे म्हणून तर पवनचक्क्या आहेत. पिशवी थरथरत नाही. पावसाळ्यात हुलगे बदलावे लागतात, नाहीतर मोड येतात. एकदा आले होते. त्याची उसळ झाली.

पिशवी नसेल तर कोपरं बरगड्यांना टेकवा, डावा हात लेन्सच्या खाली घ्या, श्वास सोडून झाल्यावर बटण दाबा. आणि तीन-चार फोटो सलग घ्या. बटण दाबण्याच्या धक्क्यानं पहिला बिघडतो, मधला एखादा निघतो.

एवढं सगळं करूनही माझा तो दुपारचा फोटो फिसकटलाच होता. लेन्स दगडावर हुलग्यांच्या पिशवीत रुतवलेली, शटर १/१२५०, एफ ८. तिथं काच निर्दोष होती आणि हातही.

सड्यावरचा जांभा दगड उन्हानं तापतो. त्याच्या अंगाला लागलेली हवा तापून वर चढते, वरची थंड हवा तिच्या जागी उतरते. गरम हवा पातळ असते, थंड हवा दाट, आणि दोन्हींतून प्रकाश सारखा वाकत नाही. म्हणजे तुमच्या आणि पवनचक्कीच्या मध्ये हवेच्या हजारो वेड्यावाकड्या लेन्सा सतत हलताहेत. डांबरी रस्त्यावर दुपारी पाणी सांडल्यासारखं दिसतं, त्याच कुटुंबातला हा प्रकार. डोळ्यांना तो फारसा जाणवत नाही. ३०० एमएम मात्र दृश्याबरोबर तोही मोठा करून दाखवते. लाखाची लेन्स लावली तरी तो जात नाही, उलट ती तो आणखी स्पष्ट दाखवते. शटर वेगवान करून जात नाही, सॉफ्टवेअरनं जात नाही. लवकर उठूनच जातो. सूर्य वर यायच्या सुमारास जमीन आणि हवा जवळजवळ सारख्या तापमानाची असते, तेवढा वेळ आपला. ढगाळ दिवस असेल तर दुपारही चालते.

हवेचाच दोष आहे हे ओळखायची युक्ती सोपी आहे. लेन्स पक्की टेकवा, लाइव्ह व्ह्यू सुरू करा आणि पडद्यावरचं चित्र दहापट मोठं करून एखाद्या खांबाच्या कडेकडं बघत राहा. कड ओढ्याच्या तळातल्या वाळूसारखी लवलवत असेल तर कॅमेरा बंद करून भाकरी खा. कड शांत असूनही मऊ असेल तर दोष काचेचा किंवा फोकसचा. आणि सगळी चौकटच हलत असेल तर तुमचं टेकवणं कच्चं आहे. हे मला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. गाडीतून फोटो काढणाऱ्यांनी तर याची सवयच करावी. तापलेल्या बॉनेटवरून नेम धरला, किंवा एसी लावलेल्या गाडीची काच नुकतीच खाली केली, की दहा मीटरवरचा पक्षीसुद्धा लवलवतो.

धुरकट हवा हे वेगळं प्रकरण. तिथं कड हलत नाही, नुसता फिकेपणा येतो, कारण मधले धुळीचे आणि बाष्पाचे कण प्रकाश इकडं तिकडं उधळतात. मार्च ते मे माळावरची धूळ, हिवाळ्यात उसाचं पाचट पेटवल्याचा धूर. थंडीत सकाळी अजिंक्यताऱ्यावरून पूर्वेकडं बघितलं तर हा धूर आणि धुकं कृष्णेच्या खोऱ्यात साय धरल्यासारखं बसलेलं असतं. हा फिकेपणा कॉम्प्युटरवर बराच काढता येतो. बऱ्याचदा काढूही नये, कारण एकामागं एक फिक्या होत गेलेल्या डोंगररांगा त्याच्यामुळंच वेगळ्या दिसतात. हवा खरी धुतलेली मिळते ती पावसाची मोठी सर येऊन गेल्यावरच्या उघडिपीत. श्रावणात येवतेश्वरच्या घाटातून समोरचा अजिंक्यतारा बघा, तटाचा दगडन् दगड मोजता येतो. आणि लेन्सपुढं लावलेली ती दोनशे रुपयांची यूव्ही काच काढून ठेवा. डिजिटल कॅमेऱ्यात धुरकटपणा कमी करायला तिचा उपयोग जवळजवळ नाही. चमक आणि मऊपणा मात्र ती स्वतःच्या पदरचा घालते. त्यापेक्षा हूड, म्हणजे लेन्सपुढची सावली धरणारी नळी, लावा. तिरकं ऊन काचेवर पडलं की स्वस्त लेन्सचा कॉन्ट्रास्ट लगेच पडतो.

आतापर्यंत दोष सांगितले. मग ही लेन्स घ्यायचीच कशाला? पक्ष्यांसाठी घेतली तरी मला तिचं खरं सुख लागलं ते निसर्गदृश्यात. टेलिनं, म्हणजे लांब लेन्सनं, मागचे डोंगर पुढं येतात, मोठे होतात, असं म्हणतात. लेन्स तसं काही करत नाही, करते ती तुमची जागा. चाळकेवाडीलाच एक मेंढपाळ उभा आहे आणि त्याच्या मागं पाचशे मीटरवर समजा पन्नास मीटर उंचीचा पवनचक्कीचा खांब आहे. तुम्ही मेंढपाळापासून दहा मीटरवर उभे राहिलात तर खांब त्याच्या निम्म्याहून जरा जास्त उंचीचा दिसेल. आता त्याच्यापासून शंभर मीटरवर येईपर्यंत मागं या. मेंढपाळ दहापट दूर गेला म्हणून दहाव्या हिश्श्यावर आला, पण खांब ५१० मीटरवरून फक्त ६०० मीटरवर गेला, तो किंचितच बारीक झाला. परिणाम असा की आता खांब मेंढपाळाच्या पाचपट उंच दिसतो. हे नुसत्या डोळ्यांनीही असंच असतं, पण सगळं इतकं लहान की आपल्या लक्षात येत नाही. लेन्स फक्त तेवढा तुकडा उचलून मोठा करते. कॅमेरा उभा धरा, २०० च्या आसपास झूम ठेवा, पात्यांसकट सगळं बसतं. शिवाय २०० म्हणजे लेन्सही खुशीत.

चंद्राचंही तेच गणित. चंद्र अर्ध्या अंशाचा, ३०० एमएमनं सेन्सरवर त्याचं चित्र पावणेतीन मिलिमीटरचं पडतं, फोटोत सातशे पिक्सेल. मोठाले डाग आणि कडेची विवरं कळतात, त्यापुढं जाऊ नये. पौर्णिमेला एफ ८, आयएसओ १००, १/२०० च्या आसपास सुरुवात करा. ऑटोवर ठेवलात तर पांढरी टिकली येईल. पण एकटा चंद्र काढण्यापेक्षा तो कशाच्या तरी मागं धरा. जी वस्तू दोन किलोमीटरवर आहे आणि १७-१८ मीटर उंच आहे ती चंद्राएवढी दिसते. टेकडीवरचं देऊळ शोधा, त्याच्यापासून दोन किलोमीटर मागं सरका, आणि चंद्र कुठं उगवणार ते मोबाइलवरच्या ॲपमध्ये आधी बघून ठेवा. चंद्र स्वतःच्या रुंदीइतका सरकायला दोनच मिनिटं घेतो, तेव्हा चहा आधी पिऊन घ्या.

कासच्या फुलांसाठी लोक मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून मोठं काढणारी, लेन्स शोधतात. टॅमरॉनच्या जुन्या ७०-३०० वर मॅक्रोचं एक बटण असतं. १८० ते ३०० मध्ये ते सरकवलं की लेन्स ९५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते आणि फूल सेन्सरवर निम्म्या आकाराचं उमटतं. म्हणजे पाच सेंटिमीटरहूनही कमी रुंदीचा तुकडा अख्ख्या चौकटीत. तेरड्याचं एक फूल, त्याच्यावरचे थेंब मोजता येतील असं. आणि हे पायवाटेवर उभं राहून. कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, आणि तरीही दरवर्षी फुलांत लोळून फोटो काढणारे दिसतातच. लांब लेन्स असेल तर पाय वाटेवर ठेवायला काही अडत नाही. जवळ जाल तसा फोकस मात्र पातळ होतो. दहा मीटरवर एफ ५.६ ला वीत-सव्वावीत खोली स्पष्ट येते, पाच मीटरवर सहा सेंटिमीटर, एक मीटरवर तर दोन मिलिमीटरसुद्धा नाही. फूल वाऱ्यानं हललं की गेलं. तिथंही सकाळच बरी.

सेकंडहँड घेणार असाल तर थोडक्यात. मोबाइलचा टॉर्च मागून टाकून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी आहे, सोडून द्या. महाबळेश्वरच्या बाजूला पावसाळा काढलेल्या लेन्समध्ये हमखास बघायचं. निकॉनच्या ३००० आणि ५००० मालिकेतल्या बॉडीत, म्हणजे लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात, फोकसची मोटर नसते, म्हणून मोटर नसलेली जुनी लेन्स त्यांवर हातानंच फोकस करावी लागते. उलट नवी एएफ-पी लेन्स डी९० किंवा डी७००० सारख्या जुन्या बॉडीवर फोकसच करत नाही. तेव्हा स्वतःची बॉडी घेऊन जा, लावून बघा. घरी आणल्यावर एक चाचणी करा. सकाळी लेन्स खिडकीत टेकवायची, दोन सेकंदांचा टायमर, समोरच्या दुकानाची पाटी, २००, २५० आणि ३०० ला एफ ५.६, ८ आणि ११. नऊ फोटो. पाटीवरची बारीक अक्षरं वाचून आपली लेन्स कुठं नांगी टाकते ते कळतं. पुढं आयुष्यभर कुणाचे रिव्ह्यू वाचायला नकोत.

आणि पक्षी? मायणीच्या तलावावर पाण्यात शंभर मीटरवर बसलेल्या बदकांचे चेहरे या लेन्सनं येणार नाहीत. आठ मीटरच्या चौकटीत थवा काढायचा, पाण्याची रेघ काढायची. जवळचा पक्षी हवा असेल तर जो माणसाला सरावलाय त्याच्याकडं जायचं. नांगरट चालू असलेल्या रानासारखी जागा नाही. ट्रॅक्टरच्या मागं गायबगळे फाळाला चिकटून चालतात, सात-आठ मीटरवर, आणि माणसाकडं ढुंकून बघत नाहीत. बगळा पांढरा, माती काळी, म्हणून कॅमेरा फसतो आणि बगळा जळतो. एक्स्पोजर एक घर खाली घ्यायचं, म्हणजे प्रकाश निम्मा करायचा. ही लेन्स फोकस शोधताना घरघरत पुढून मागं फिरते आणि तोवर बगळा उडतो, त्यामुळं मी आधीच ढेकळावर फोकस धरून ठेवतो.

मागच्या जानेवारीत कोरेगावच्या अलीकडं असाच बांधावर पिशवी टाकून आडवा झालो होतो. ट्रॅक्टर थांबला. चालवणारे काका उतरून आले.

"मोजणी हाय का? रस्ता रुंद करत्यात काय?"

"नाही काका, बगळ्यांचे फोटो काढतोय."

त्यांचा विश्वास बसला नाही. मग पडद्यावर दाखवला. बगळ्याच्या चोचीत उंदराचं पिल्लू, डोळ्याभोवतीचा पिवळा रंग, सगळं लख्ख आलेलं. काकांनी पडदा सावलीत धरून नीट निरखला.

"झ्याक हाय. पण ह्यात माझा ट्रॅक्टर कुठाय?"

झूम ७० वर आणलं, वीस पावलं मागं गेलो. काका वर चढून बसले, टोपी सारखी केली, मागं बगळे जमले. एफ ८, १/१०००. लेन्सनं आजवर दिलेल्या फोटोंत तो सगळ्यात धारदार आलाय, आणि त्यांच्या घरात ओटीवर लागलाय.